दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं तर: बेळगाव सीमाभागातल्या चालकांसाठी, तपासणीपासून लायसन्स परत मिळेपर्यंत

दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं तर काय होतं, असं बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: दहा हजार भरायचे आणि गाडी सोडवून आणायची. ही समजूत अर्धवट आहे आणि तिच्यामुळेच माणसं अडकतात. दहा हजार हा या प्रकरणातला सगळ्यात लहान आकडा आहे. गुन्हा कबूल करून ते भरले की तुमच्या नावावर फौजदारी न्यायालयातली दोषसिद्धी लागते. पुढच्या वेळी कायद्याच्या नजरेत तो दुसरा गुन्हा ठरतो. लायसन्सची कारवाई वेगळी चालते, आणि अपघात झालेला असेल तर विमा कंपनी हात वर करते.

रस्त्यावर थांबवल्यापासून लायसन्स पुन्हा हातात पडेपर्यंत काय काय होतं, कुठे तुमचं कर्तव्य आहे आणि कुठे हक्क, हे क्रमाने सांगतो. पकडलं गेल्यावर निसटायचं कसं, हा या लेखाचा विषय नाही. आपल्याकडे माणूस मराठी, कागद कन्नड आणि रस्ता मधेच राज्य बदलणारा. त्यामुळे साध्या माहितीअभावी होणारं नुकसान इथे जास्त आहे. ते टळावं एवढ्यासाठी हे लिहितोय.

कायद्यातली नेमकी शिक्षा

मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. महाराष्ट्रातल्या शिनोळीत पकडलं काय आणि कर्नाटकातल्या बाचीत पकडलं काय, कलम तेच: १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा पूर्ण होतो. गाडी सरळ चालली होती, कुणाला धक्का लागला नाही, बोलणं व्यवस्थित होतं, यातलं काहीही बचाव म्हणून चालत नाही. गांजा किंवा इतर अमली पदार्थांना असा आकडा नाही. नशेमुळे गाडीवर ताबा ठेवता येत नसेल तर तोच गुन्हा लागतो.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. हे आकडे १ सप्टेंबर २०१९ पासूनचे. त्याआधी पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड होता. जुन्या कायद्यात आणखी एक सवलत होती: दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच तो दुसरा धरला जाई. ती मुदत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. आज पंचविसाव्या वर्षी कबूल केलेला गुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षीही पहिला म्हणून मोजला जाऊ शकतो. तरुण पोरांना हे कुणी सांगत नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारने हेल्मेट, सीटबेल्ट अशा बऱ्याच दंडांच्या रकमा कमी केल्या. त्यावरून दारूचा दंडही कमी झाला असं काही जण धरून चालतात. तो कमी झालेला नाही. राज्याला तडजोडीची, म्हणजे खटल्याशिवाय भरून प्रकरण मिटवण्याची रक्कम ठरवता येते ती कलम २०० मधल्या गुन्ह्यांसाठी, आणि १८५ त्या यादीतच नाही. म्हणून या गुन्ह्याचा दंड रस्त्यावर भरता येत नाही, तो न्यायालयातच ठरतो. जागेवर रोख घेऊन ‘मिटवणारा’ जे घेतो ती लाच असते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करा. कर्नाटकात ती लोकायुक्त पोलिसांकडे करता येते.

आणि हे फक्त मोटारसायकल-कारपुरतं नाही. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, जेसीबी, टेम्पो, मालवाहू रिक्षा, ही सगळी मोटार वाहनंच आहेत. दोन ट्रॉल्या ऊस भरून रात्री निघालेल्या ट्रॅक्टरचालकाला थंडीसाठी म्हणून ‘थोडी’ देणारे मुकादम आणि मालक यांनी कलम १८८ वाचावं. १८५ च्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा मदत देतो त्याला चालकाइतकीच शिक्षा आहे.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. साठ मिलिलिटरचा एक पेग म्हणजे सुमारे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे ढोबळमानाने चाळीस मिलिग्रॅमपर्यंत पातळी चढते. म्हणजे एका मोठ्या पेगमध्येच मर्यादा ओलांडली. नव्वद मिलिलिटरच्या पाकिटात ती साठच्या आसपास जाते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ऐंशीच्या पुढे नेते. ‘बिअरच तर आहे’ म्हणणारा माणूस दोन पेग घेतलेल्याच्या बरोबरीत असतो. वजन कमी असेल, पोट रिकामं असेल, किंवा बाई असेल तर त्याच मापाला आकडा आणखी वर जातो.

आता उतरण्याचा हिशेब. यकृत तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम कमी करतं, कुणाचं दहा, कुणाचं वीस. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. बडीशेप आणि पानाने तोंडाचा वास झाकला जातो, पण यंत्र मोजतं ते फुप्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल.

समजा गावात लक्ष्मीची यात्रा आहे. पाहुणे जेवून गेल्यावर रात्री साडेअकरा ते बाराच्या दरम्यान एकाने क्वार्टर संपवली, म्हणजे १८० मिलिलिटर. पातळी सव्वाशेच्या घरात गेली. पहाटे पाचला तो उठतो, तोंड धुतो, चहा घेतो, भाजीची पोती गाडीत टाकून मार्केटला निघतो. त्याच्या लेखी झोप झाली, उतरली. रक्तात अजून चाळीसच्या वर आहे. दूध घालणारे, भाजी नेणारे, पहिल्या पाळीला उद्यमबागेतल्या कारखान्यात जाणारे, यांनी आदल्या रात्रीची दारू दुसऱ्या दिवसात धरली पाहिजे. क्वार्टर घेतली असेल तर नऊ-दहा तास गाडीला हात लावू नये. हे आकडे सरासरीचे आहेत, कुणाच्याही बाबतीत हमी म्हणून वापरू नका.

रस्त्यावर थांबवल्यावर

गणवेशातला पोलीस अधिकारी किंवा परिवहन खात्याने अधिकार दिलेला अधिकारी श्वासाची तपासणी मागू शकतो, कलम २०३ खाली. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, लायसन्स, आरसी, विमा दाखवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं कायद्याने ग्राह्य आहेत.

नळी तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली नवी असावी, हे मागणं रास्त आहे, शांतपणे मागा. फुंकताना एका दमात, यंत्राचा आवाज थांबेपर्यंत फुंका. तुटक फुंकलं की यंत्र नमुना घेत नाही आणि तुम्ही टाळताय असं दिसतं. आकडा स्वतः वाचा. छापील पावती निघत असेल तर तिच्यावरची तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा पाहून घ्या, जमल्यास मोबाईलवर फोटो घ्या. नुकतंच खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल तर ते आधीच सांगा. पंधरा मिनिटांनी तोंड धुऊन पुन्हा तपासणी करण्याची विनंती करा. तोंडात राहिलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात निघून जातं, रक्तातलं जात नाही. कायद्यात एकापेक्षा जास्त नमुन्यांची सोय आहे आणि अटकेनंतर ठाण्यावर पुन्हा फुंकण्याची संधी देणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

फुंकायलाच नकार दिला तर? बरेच जण हीच शक्कल सुचवतात. नकार दिला आणि अधिकाऱ्याला दारूचा सबळ संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते. त्यानंतर रक्ताचा नमुना मागता येतो. आणि योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे न्यायालयात तुमच्याविरुद्ध परिस्थिती म्हणून धरला जाऊ शकतो. नकाराने सुटका होत नाही, उलट प्रकरण ठाण्यापर्यंत जातं.

त्याहून वाईट म्हणजे हुज्जत. कलम १८५ जामीनपात्र आहे. पण पोलिसाच्या अंगावर धावून गेलात, हात धरलात, ढकललंत, तर सरकारी नोकरावर हल्ल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं आणि ते अजामीनपात्र आहे. सोबतच्या मित्रांनाही हे सांगून ठेवा, कारण बहुतेक वेळा भांडण तेच उकरून काढतात.

ठाण्यावर: दोन तास, रक्त आणि सही

कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. झाली नाही तर ताब्यातून सोडावं लागतं. लक्षात ठेवा, हे ताब्यातून सोडणं आहे, खटल्यातून नाही. म्हणून अटकेची वेळ आणि डॉक्टरसमोर नेल्याची वेळ, दोन्ही कुठेतरी लिहून ठेवा. नातेवाइकाला फोन करताना वेळ सांगितली तरी पुरतं.

रक्ताचा नमुना डॉक्टरच घेतो. बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर दुसरी बाई हजर असलीच पाहिजे. नमुना तुमच्यासमोर सीलबंद होतोय ना, बाटलीवर नाव बरोबर आहे ना, हे पाहा. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी झालेल्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली, हे सगळ्यांनी वाचलं आहे. नमुन्याची खात्री आरोपीच्या जितकी हिताची असते, तितकीच अपघातात माणूस गमावलेल्या घराच्याही हिताची असते.

आता भाषेचा प्रश्न. बेळगाव जिल्ह्यात पंचनामा, जबाब, अटकेचा कागद बहुधा कन्नडमध्ये असतो. ज्यांचं शिक्षण मराठीत झालं त्यांना तो वाचता येत नाही, आणि घाबरून सही केली जाते. असं करू नका. मजकूर मराठीत समजावून सांगा असं नम्रपणे म्हणा. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बहुतेक ठाण्यांत मराठी बोलणारा कुणी ना कुणी सापडतो. तरीही कुणी समजावलं नाही तर सहीच्या वर मराठीत लिहा: ‘मजकूर मला वाचून दाखवलेला नाही.’ अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी दिली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका ‘हिट अँड रन’ प्रकरणाच्या निकालात सांगितलं आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाला या निकालाचा थेट उपयोग आहे. मागणी करताना आवाज चढवायचं कारण नाही, हा प्रश्न कन्नड-मराठी वादाचा नाही, आरोपीच्या हक्काचा आहे.

बाकीचे हक्क थोडक्यात: नातेवाइकाला कळवणं, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर नेणं. गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे जामीन मागणं हा तुमचा हक्क आहे. बाईला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्याकडून आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीनेच अटक करता येते.

खटला कुठल्या राज्यात

गाडीची पासिंग केए-२२ आहे की एमएच-०९, लायसन्स कुठलं आहे, घर कुठे आहे, यावर काही ठरत नाही. गुन्हा जिथे घडला तिथलं ठाणं आणि तिथलं न्यायालय. उचगावचा माणूस वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीच्या ढाब्यावर गेला आणि चंदगड तालुक्याच्या हद्दीत सापडला, तर त्याला तारखांना कोल्हापूर जिल्ह्यात जावं लागेल. कोगनोळी नाका ओलांडून कागलहून निपाणीकडे आलेला कोल्हापूरचा माणूस निपाणीच्या हद्दीत सापडला, तर त्याच्या तारखा कर्नाटकात पडतील. बेळगाव शहरातली प्रकरणं शहर पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक ठाण्यांकडून बेळगावच्या न्यायालयात जातात.

सीमेपलीकडे घडलं म्हणून इकडे कळणार नाही, ही समजूत आता टिकत नाही. लायसन्सची माहिती ‘सारथी’ या देशभराच्या संगणकप्रणालीत असते. बेळगावला लायसन्स अपात्र ठरलं म्हणून कोल्हापूरच्या पत्त्यावर दुसरं काढायला जाणारे आहेत. अपात्रतेच्या काळात नवीन लायसन्ससाठी नुसता अर्ज करणंही कलम १८२ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. असं मिळवलेलं लायसन्स निरर्थक ठरतं.

चोर्ला घाट किंवा अनमोडमार्गे गोव्याहून येणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. गोव्यातून बाटल्या आणणं हा कर्नाटक अबकारी कायद्याचा स्वतंत्र विषय आहे. परवान्याशिवाय आणल्या तर कलम १८५ शिवाय तोही गुन्हा लागतो आणि त्यात गाडी जप्त होऊ शकते. शिवाय जांबोटी-कणकुंबीचा रस्ता पावसाळ्यात धुक्याचा. तिथे रात्री पिऊन गाडी चालवणं हे वळणापलीकडून येणाऱ्याच्या जिवावर उठणं आहे.

गाडी आणि लायसन्स: जागेवर काय जातं

अटक झाली तर गाडीची तात्पुरती व्यवस्था करण्याचा अधिकार पोलिसांना आहे. बहुतेक वेळा गाडी ठाण्याच्या आवारात लागते. सोडवताना मालकाचं ओळखपत्र, आरसी, चालू विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि गाडी न्यायला न प्यालेला, लायसन्स असलेला माणूस घेऊन जा. ठाण्याने सोडली नाही तर न्यायालयात अर्ज करून ताबा मागता येतो. गाडी घेताना टायर, बॅटरी, आतल्या वस्तू पाहून पोच लिहा.

लायसन्सचं मात्र लक्षपूर्वक ऐका. कलम २०६ च्या २०१९ मध्ये जोडलेल्या भागाप्रमाणे पोलीस लायसन्स जप्त करून ते परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. तुम्हाला तात्पुरती पोच मिळते. ती पोच दाखवून गाडी चालवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पोच खिशात ठेवून महिनाभर बिनधास्त फिरणारे पुष्कळ आहेत.

न्यायालयात ‘कबूल’ म्हणण्याआधी

समन्स आल्यावर किंवा ठाण्यावरून सांगितलेल्या दिवशी न्यायालयात जायचं. बाहेर कुणीतरी भेटतो आणि सांगतो, ‘कबूल म्हणा, पैसे भरा, दहा मिनिटांत मोकळे.’ न्यायाधीश विचारतात, गुन्हा मान्य आहे का. माणूस हो म्हणतो, पैसे भरतो, पावती घेतो. त्या दहा मिनिटांत जे झालं ती दोषसिद्धी असते.

तिचे परिणाम असे. एक, पुढचा गुन्हा दुसरा ठरतो आणि कैदेची कमाल मर्यादा सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर जाते. दोन, कलम २२ प्रमाणे १८५ ची दुसरी दोषसिद्धी झाली की न्यायालयाला लायसन्स रद्द करावंच लागतं, तिथे न्यायाधीशालाही मोकळीक नाही. तीन, नोकरी. सैन्य, पोलीस, सरकारी सेवेच्या पडताळणी पत्रकांत अटक, खटला, शिक्षा यांची माहिती विचारलेली असते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे आणि जिथली पोरं पहाटे उठून भरतीसाठी धावतात, तिथे हे वेगळं समजावण्याची गरज नसावी. माहिती लपवली तर ते लपवणंच नोकरीवर उलटतं. आणि खटला प्रलंबित असताना पासपोर्ट काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. आखाती देशात जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग काय करायचं? आधी वकिलाकडून कागद पाहून घ्या. यंत्राची पावती जोडली आहे का, आकडा तीसच्या वर आहे का, यंत्राच्या तपासणीचं प्रमाणपत्र चालू होतं का, अटक झाली असेल तर दोन तासांत डॉक्टरकडे नेलं का, गाडी तुम्हीच चालवत होता हे कशावरून, हे प्रश्न वकील विचारेल. नुसता तोंडाला वास येत होता, एवढ्यावर कलम १८५ चा अल्कोहोलचा गुन्हा उभा राहत नाही, मोजलेला आकडा लागतो. कागद पक्के असतील आणि तुम्ही खरोखर प्यालेले असाल, तर कबूल करणं प्रामाणिकपणाचं आहे, आणि माझ्या मते योग्यही. फक्त आपण काय कबूल करतोय हे समजून करा. पहिलाच गुन्हा असणं, अपघात नसणं, घरची परिस्थिती, पोटापाण्यासाठी गाडीवर अवलंबून असणं, हे न्यायाधीशांसमोर वकिलामार्फत मांडता येतं. शिक्षा कैदेची की दंडाची, हे त्यांच्या हातात असतं. दंडाची रक्कम मात्र ठरलेली आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा तालुक्याच्या न्यायालयातली विधी सेवा समिती. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अटकेत असलेली व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. फोन: १५१००. साक्ष तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत चालली असेल तर ती समजावून देण्याची मागणी न्यायालयात करता येते, बेळगावच्या न्यायालयांना हे नवीन नाही.

तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट निघतं, आणि मुळात जामीनपात्र असलेल्या प्रकरणात पोलीस पहाटे घरी येतात. ई-कोर्ट्स ॲपवर खटल्याचा क्रमांक टाकून पुढची तारीख पाहता येते.

आरटीओची कारवाई वेगळी

न्यायालयात पैसे भरले म्हणजे लायसन्स आपोआप परत मिळतं असं नाही. परवाना अधिकारी कलम १९ खाली नोटीस काढतो आणि बाजू मांडायची संधी देतो. ते पत्र आलं की जा, लेखी उत्तर द्या. पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द, अशी तरतूद आहे. मुदत संपल्यावर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आदेश मान्य नसेल तर प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील. पत्ता बदललेला असेल तर लायसन्सवर तो आधीच दुरुस्त करून घ्या, कारण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर सुनावणी तुमच्याविना होऊन जाईल.

अपघात झाला तर

मग विषय पूर्ण बदलतो. पळू नका, थांबा. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. ११२ किंवा १०८ लावा. रस्ता अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोख उपचारांची केंद्राची योजना २०२५ पासून लागू आहे, रुग्णालयाला तिच्याबद्दल विचारा.

माणूस दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूसाठी न्याय संहितेचं कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. पण पिऊन, काय होऊ शकतं याची जाणीव असताना बेदरकार चालवलं असं सिद्ध झालं तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लागू शकतं, आणि तिथे कैद दहा वर्षांपर्यंत जाते. २००६ साली मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा जीव गेला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचीच शिक्षा कायम केली.

विम्याचं बोलू. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा दारूच्या कारणावरून नाकारला जातो, बहुतेक पॉलिसींत तशी अट छापलेलीच असते. श्वासतपासणी झालेली नसली तरी इतर पुरावा पुरेसा असेल तर कंपनी दावा नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ठरवलं. ज्याला धडक बसली त्याच्या भरपाईबाबतही कायद्याने आता कंपनीला दारूचा बचाव दिलेला आहे. अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते चालक-मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ही रक्कम लाखांत असते आणि वसुली जमिनीपर्यंत येते.

अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली असेल तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. यात दारूची अटही नाही.

आणि धडक ज्यांच्या माणसाला बसली, त्यांच्यासाठी. एफआयआरची प्रत घ्या, ती मोफत मिळते. चालकाच्या श्वास किंवा रक्ततपासणीचा अहवाल आणि वेळा यांची नोंद गुन्ह्याच्या कागदांत आहे ना, हे वकिलाकडून पाहून घ्या. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत करा. तो अपघात जिथे घडला तिथेच करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता तिथल्या, व्यवसाय करता तिथल्या किंवा समोरचा राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. चंदगडच्या माणसाचा बेळगावात अपघात झाला तर त्याच्या घरच्यांना महाराष्ट्रात आपल्या भाषेत दावा चालवता येतो, आणि महामार्गावर कागलजवळ धडक बसलेल्या निपाणीच्या कुटुंबालाही प्रत्येक तारखेला सीमा ओलांडावी लागत नाही.